वास नसलेले खत

पुण्यात खत दोन मापांनी विकले जाते. सोलापूर रस्त्याने हडपसर सोडून उरुळी कांचनकडे निघाले, की रोपवाटिकांच्या दारात गांडूळखताच्या छोट्या पिशव्या रचलेल्या दिसतात आणि त्याच रस्त्यावरून शेणखताने शिगोशीग भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर जात असतो. पिशवी घेणाऱ्या, गच्चीवर गुलाब लावलेल्या गृहस्थांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, याला वास नाही ना येत?" ट्रॉली घेणारा शेतकरी मात्र मूठभर खत उचलून मुद्दाम नाकाशी नेतो. खत चांगले कुजले असेल, तर ते काळपट आणि भुसभुशीत असते, त्यातली काडी ओळखू येत नाही आणि वास ओल्या मातीचा येतो. अमोनियाचा भपकारा आला, तर ते कच्चे आहे आणि त्याच्याबरोबर तणाचे बी व पिकाची मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या शेतात येणार, हे तो जाणतो.

युरियाला अशी परीक्षा लागत नाही, कारण गोणीवर सारे छापलेले असते. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे वीस किलोंहून थोडे अधिक नत्र (नायट्रोजन). शेणखतात ते जेमतेम अर्धा टक्का. एका गोणीएवढे नत्र हवे असेल, तर चार टनांहून अधिक शेणखत आणावे, पसरावे आणि कुळवाने मातीत मिसळावे लागते. मजुरीचा आजचा भाव पाहता युरिया टाकणाऱ्याला आळशी म्हणण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. मात्र या हिशेबात शेणखताबरोबर येणारा सेंद्रिय कर्ब धरलेला नसतो. माती भुसभुशीत राहते, ओल टिकते आणि जिवाणूंना खाद्य मिळते ते त्याच्यामुळे. शिवाय युरियातले नत्र झटपट सुटते आणि ही घाई त्याच्याच मुळावर येते. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो वरवर फेकून उघडा ठेवला, तर त्यातल्या नत्राचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडून जातो. देशात 2015 पासून सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे झाले, त्यामागचा एक हेतू नत्र सावकाश सुटावे हाच होता. शेणखत हे काम कोणत्याही आवरणाशिवाय करत आले आहे.

जुन्या पुण्याने वासाचा इतका बाऊ केला नाही. मुठेच्या कालव्याचे पाणी मिळाल्यावर शहराच्या पूर्वेला उसाचे मळे वाढले आणि शहरातल्या मैल्यापासून केलेले सोनखत त्या मळ्यांत जाऊ लागले. अर्थात, ते वाहण्याचे काम कोणत्या जातींवर लादले होते, हे विसरून त्या काळाचे कौतुक करता येणार नाही.

आता शहराजवळ ओला कचरा आहे, तो सोसायटीतच जिरवण्याचा नियम आहे, आणि तरीही खत पिशवीतून विकत येते. आमच्या सोसायटीत कंपोस्टची पिंपे बसली, तेव्हा पंधरवड्यात दुर्गंधीची तक्रार सुरू झाली. कारण साधे होते: भाजीची देठे, कलिंगडाच्या साली आणि उरलेला भात यांचा नुसता चिखल झाला होता, आत हवा खेळत नव्हती आणि ओल शोषायला कोरडे काही नव्हते. तो कोरडा माल, म्हणजे पर्जन्यवृक्षाचा पाला, पिंपांपासून दहा पावलांवर पोत्यांत भरून ठेवलेला होता, कोणीतरी उचलून नेईल या आशेवर. सभेत पिंपांवर सुगंधी द्रव्य फवारण्याची सूचना आली आणि तिला अनुमोदनही मिळाले. माळीकाका सभेचे सभासद नसल्याने त्यांचे मत कोणी विचारले नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी दोन पोती पाला पिंपांत रिकामा केला, फावड्याने सारे वरखाली केले, आणि पुढे प्रत्येक ओल्या थरावर पाल्याचा एक थर टाकत राहिले. हल्ली सोसायटीच्या तक्रारवहीत पिंपांचे नाव येत नाही, पार्किंगचे येते.