आरटीएल ८१३९ची बडबड : नोंद चौथी

विश्रामबागच्या घरी जुन्या डेस्कटॉपचा राउटर करून तीन महिने झाले. आत आरटीएल ८१३९ चिपची दोन नेटवर्क कार्डं, वर डेबियन लिनक्स. एका कार्डातून निघालेली केबल गच्चीवरून शेजारी काकांकडे जाते. तिकडचं नेट दिवसातून चार-पाचदा जायचं. काकू हाक मारायच्या, "अरे, परत थांबलं बघ!" आणि मी मशीनपाशी पोचेपर्यंत सगळं सुरळीत. शेवटी ठरवलं, कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरलाच बोलतं करायचं.

ड्रायव्हरच्या डीबग ओळींना, म्हणजे दोष शोधायला तो लिहितो त्या ओळींना, दोन दारं असतात; दोन्ही उघडी असली तरच ओळ लॉगमध्ये येते. एक ईथटूल या आज्ञेतली मेसेज लेव्हल (कोणत्या प्रकारच्या ओळी हव्यात तो आकडा), दुसरं कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, डायनॅमिक डीबग. मी आधी फक्त लेव्हल वाढवली, दोन्ही कार्डांची, अगदी वरपर्यंत, आणि तासभर कोरा लॉग बघत बसलो. मग डायनॅमिक डीबगच्या कंट्रोल फाइलमध्ये ८१३९टू (या कार्डांचा ड्रायव्हर) मॉड्यूलपुढे 'अधिक पी', म्हणजे 'ओळी छाप', असं लिहिलं आणि पूर आला.

मी लॉग बघत होतो लॅपटॉपवरून, एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून), म्हणजे त्याच कार्डातून. ड्रायव्हर लिहितो, 'पॅकेट रांगेत लावलं'. ती ओळ माझ्यापर्यंत यायला एक पॅकेट लागतं. त्या पॅकेटची पुन्हा रांगेची ओळ, इंटरप्टची (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं त्याची) ओळ, आणि त्या ओळी दाखवायला आणखी पॅकेटं. घरात कुणी नेट वापरत नव्हतं, तरी स्क्रीन थांबेना. आता अशी चाचणी मी मॉनिटर-कीबोर्ड थेट जोडूनच करतो.

लिनक्सच्या सुरुवातीच्या ड्रायव्हरांत ० ते ७ असा एकच आकडा असायचा. आकडा वाढेल तशी बडबड वाढायची, सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या पूरपट्टीसारखी : ४५ फुटांची धोक्याची खूण गाठायची तर खालचे ४० फूट आधी बुडलेच पाहिजेत. आता प्रत्येक प्रकाराला वेगळा बिट, म्हणजे स्वतंत्र चालू-बंद बटण आहे; हव्या त्या बिटांच्या आकड्यांची बेरीज म्हणजे लेव्हल. ड्रायव्हर १, प्रोब २, लिंक ४, येणाऱ्या पॅकेटच्या चुका ६४, जाणाऱ्याच्या १२८. रांग २५६ आणि इंटरप्ट ५१२, माझा पूर मुख्यतः या दोघांचा. पहिल्या पाचांची बेरीज १९९. तेवढीच लेव्हल ठेवली आणि लॉग एकदम वाचता येण्याजोगा झाला.

दोन दिवसांत दिसलं ते असं : 'लिंक डाउन', काही सेकंदांनी 'लिंक अप, १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स', आणि काकांकडच्या कार्डावरच. वारा सुटला की अशा डाउन-अपच्या जोड्या वाढायच्या. गच्चीवरचं टोक काढून पाहिलं तर आरजे-४५ कनेक्टरच्या दोन पिनांवर हिरवट थर, आणि केबल हलली की क्लिप सैल व्हायची. चार बोटं केबल कापून नवा कनेक्टर क्रिंप केला. पाच दिवस झाले, लिंकची एकही ओळ नाही.

गंमत म्हणजे लिंकच्या ओळीला दुसरं दार लागतच नाही. ती साधी माहितीची ओळ आहे, आणि या ड्रायव्हरची मूळ लेव्हल ७ (१+२+४) असल्याने ती आधीपासून लॉगमध्ये येतच असणार. मी आधी तो नीट चाळला असता तर आठवडा वाचला असता. म्हणून लॉग भरतो म्हणून वैतागून लेव्हल सरसकट शून्य करू नका, सगळ्यात कामाची ओळ तीच जाते.

आणखी एक खाचखळगा. रीबूटनंतर ही लेव्हल उरत नाही, म्हणून मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर चढवणाऱ्या आज्ञेच्या) फाइलमध्ये 'डीबग' पॅरामीटर द्यायचा. पण तो आकडा प्रत्येक ड्रायव्हरमध्ये थेट बिटांची बेरीजच असेल असं नाही. उदाहरणार्थ, इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरमध्ये त्याच नावाच्या पॅरामीटरला ७ दिलं तर खालचे सात बिट चालू होतात, म्हणजे १२७. दुसऱ्याचा आकडा उचलण्याआधी मॉडइन्फो आज्ञेने त्या पॅरामीटरचं वर्णन वाचा.

कन्सोलची (थेट जोडलेल्या स्क्रीनची) लेव्हल डीमेसजी आज्ञेने कमी केली तर फक्त स्क्रीन शांत होते, लॉग भरतच राहतो.

येणाऱ्या पॅकेटच्या चुकांच्या मात्र अजून रोज दोन-तीन ओळी पडतात, त्याही दुसऱ्या कार्डावर. रविवारी दोन्ही कार्डांचे स्लॉट बदलून बघणार आहे.