तुम्ही विचारलंत म्हणून: स्पेक्ट्रमचा रंग शेजारच्याला का लागतो?

माझ्या टेबलावर झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा, रबरी कळांचा एक जुना घरगुती संगणक आहे आणि घरी येणाऱ्यांना मी तो हौसेने चालू करून दाखवतो. पडद्यावर हिरव्या झाडाजवळून एक पिवळा माणूस चालत जातो, तेव्हा झाडाचा एक चौकोनी तुकडा पिवळा होतो आणि माणूस पुढे सरकला की पुन्हा हिरवा. मग ठरलेला प्रश्न येतो: "हे बिघडलंय का?" बिघडलेले नाही, १९८२ साली खोक्यातून नवा काढलेला स्पेक्ट्रमही असाच वागत असे. त्यावर दुसरा प्रश्न असतो, की एवढी ढोबळ चूक डिझाइन करणाऱ्याच्या लक्षात कशी आली नाही? ती चूक नव्हती, तो हिशेब होता, आणि तो मांडून दाखवल्याशिवाय माझ्या उत्तराला अर्थ नाही.

स्पेक्ट्रमचा पडदा २५६ आडव्या आणि १९२ उभ्या ठिपक्यांचा, म्हणजे एकूण ४९,१५२ ठिपक्यांचा. एक ठिपका पेटलेला की विझलेला एवढेच लिहायचे, तर एक बिट (हो किंवा नाही एवढेच सांगणारी खूण) पुरतो, आठ बिटांचा एक बाइट होतो आणि सगळा पडदा ६,१४४ बाइटांत मावतो. प्रत्येक ठिपक्याला सोळांपैकी एक रंग द्यायचा म्हटले, तर चार बिट लागतात आणि तोच पडदा २४,५७६ बाइट खातो. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने हे यंत्र दोन प्रकारांत काढले होते, १६ के (एक के म्हणजे १,०२४ बाइट) मेमरीचे १२५ पौंडांना आणि ४८ केचे १७५ पौंडांना. यांतल्या स्वस्त यंत्रात असा पडदा मावलाच नसता, मग प्रोग्राम ठेवण्याची गोष्ट दूरच.

हार्डवेअरची आखणी करणाऱ्या रिचर्ड आल्टवासर यांनी यावर काढलेला तोडगा असा: ठिपके बारीकच ठेवायचे, रंग मात्र ठोक भावाने द्यायचा. आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीला एक जादा बाइट मिळतो. त्यातले तीन बिट पेटलेल्या ठिपक्यांच्या रंगासाठी, तीन विझलेल्यांच्या रंगासाठी, एक उजळपणासाठी आणि एक लुकलुकण्यासाठी. स्पेक्ट्रमच्या बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत या दोन रंगांना 'इंक' आणि 'पेपर' म्हणतात, आणि शाई व कागद हीच त्याची उत्तम कल्पना आहे: एका चौकटीत एकच दौत. अशा चौकटी ७६८, म्हणून रंगाचा एकूण खर्च ७६८ बाइट आणि सगळा पडदा ६,९१२ बाइटांत. झाड आणि माणूस एकाच चौकटीत आले की दोघांना एकाच दौतीत बुडवावे लागते. तुम्हाला सांडलेला दिसतो तो रंग हा.

मेमरी महाग होती म्हणून, एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. मला मात्र वेगाची अडचण जास्त महत्त्वाची वाटते. चित्र टीव्हीकडे पाठवण्याचे काम फेरांटी कंपनीच्या यूएलए नावाच्या एका चिपकडे आहे आणि ती पडद्याची मेमरी सतत वाचत असते. त्याच मेमरीवर झेड ८० प्रोसेसरचाही हक्क आहे. दोघांनी एकाच वेळी हात घातला, तर यूएलए प्रोसेसरचे घड्याळच क्षणभर थांबवून धरते. प्रोसेसरच्या आठ ठोक्यांत पडद्यावर सोळा ठिपके निघतात आणि तेवढ्यासाठी यूएलएला चार बाइट वाचावे लागतात, दोन ठिपक्यांचे आणि दोन रंगांचे. चित्र रंगवले जात असताना त्या आठांपैकी सहा ठोक्यांवर प्रोसेसरला ताटकळावे लागू शकते. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा, तर याच वेळात आठ बाइट वाचावे लागले असते. या यंत्रातल्या चिपांना ते झेपणारे नव्हते. त्याच वर्षी ३९९ पौंडांना मिळणाऱ्या बीबीसी मायक्रो या दुसऱ्या ब्रिटिश संगणकाच्या मॉडेल बीमध्ये ते झेपत होते, पण तिथेही अशा रंगीत पडद्यासाठी ३२ केपैकी २० के मेमरी जाई आणि आडवे ठिपके १६०च उरत.

कॅसेटवरून चित्र लोड होताना पाहिलेत, तर या आखणीची आणखी एक खूण दिसेल. चित्र वरून खाली सरळ उतरत नाही. पडद्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात आधी प्रत्येक चौकटीची पहिली रेघ येते, मग प्रत्येकीची दुसरी, असे आठदा. नंतर मधला हिस्सा, मग खालचा, आणि सगळ्यात शेवटी रंग. हा विचित्रपणा मुद्दाम आहे. मेमरीतल्या पत्त्यांची मांडणी अशी केली आहे, की ठिपक्यांचा बाइट आणि त्याच्या रंगाचा बाइट यांच्या पत्त्यांचा खालचा अर्धा भाग तंतोतंत सारखा राहतो. त्यामुळे यूएलएला मेमरीच्या चिपला पत्त्याचा हा समान भाग एकदाच सांगून दोन्ही बाइट लागोपाठ उचलता येतात. पत्ता दोनदा पूर्ण सांगण्याचा वेळ वाचतो. बोनस म्हणून अक्षर काढणेही सोपे होते, कारण चौकटीतल्या खालच्या रेघेवर जायला पत्त्याच्या वरच्या बाइटमध्ये फक्त एक मिळवावा लागतो. सबंध यंत्रात मला सगळ्यात आवडणारी जागा हीच.

काटकसर इतरत्रही आहे. ४८ केच्या यंत्रातली वरची ३२ के मेमरी बऱ्याचदा अशा ६४ किलोबिट चिपांची असे, ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातच सदोष निघालेला असायचा. चांगला अर्धा वापरायचा आणि उरलेल्याकडे पाठ फिरवायची. गंमत म्हणजे यूएलए या भागाकडे फिरकतच नाही, म्हणून वेगाने चालायला हवे ते सगळे प्रोग्रामर याच अर्धवट चिपांत ठेवत.

पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लस ही याच यंत्राची नंतरची आवृत्ती परवाना घेऊन भारतात विकली. आपल्याकडचे टीव्ही ब्रिटनसारखेच पाल या प्रक्षेपण पद्धतीचे, पण घरोघरी अजून काळे-पांढरे संच होते. त्याचीही सोय, कदाचित नकळत, डिझाइनमध्ये होती: रंगांचे क्रमांक काळा, निळा, लाल, जांभळा, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा असे चढत्या उजळपणाने लावलेले आहेत, त्यामुळे रंग नसले तरी करड्याच्या पायऱ्या नीट दिसतात. मी हे यंत्र पहिल्यांदा पाहिले ते अशाच एका संचावर, मित्राच्या घरी. झाडाजवळून माणूस गेला की झाडाचा एक तुकडा उजळायचा, आणि माणसाच्या हातात कंदील असावा, असे मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो.