सातवीतला पुढे, आठवीतला मागे

नवतपा, म्हणजे मे संपतानाचे कडक उन्हाचे दिवस, लागला की दुपारी एक ते चार नागपुरात बर्डीच्या बाजारात कुत्रंही फिरकत नाही. मे 2018 मधल्या अशाच एका दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक पोरगा दोन लॅपटॉप घेऊन माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात शिरला. महाल भागातला, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, माझं जुनं गिऱ्हाईक. दुपट्टा सोडायच्या आधीच त्याने सुरू केलं, "भाऊ, तुम्हीच म्हणाले होते आठवी जनरेशन घे. घेतला पाडव्याला. हा तर सातवीतल्याच्याही मागं पडून राहिला ना!"

दोन्ही लॅपटॉप एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले, दोघांत एसएसडी, दोघांत 8 जीबी रॅम. फरक फक्त प्रोसेसरचा, म्हणजे मुख्य चिपचा. जुन्यात इंटेलच्या सातव्या जनरेशनचा, म्हणजे पिढीचा, आय-फाइव्ह 7200यू, नव्यात आठवीचा आय-फाइव्ह 8250यू. त्याने सिस्टिमची माहिती उघडून बोट ठेवलं. जुन्यावर 2.50 गिगाहर्ट्झ, नव्यावर 1.60. "दीडचा आकडा मोठा का अडीचचा? दुकानदारानं चुना लावला मला."

हा प्रश्न त्या वर्षी मला दिवसाआड कोणी ना कोणी विचारायचं, त्यामुळे उत्तर पाठ होतं. तो आकडा मूळ वेगाचा, म्हणजे ठरलेल्या वॅटमध्ये सगळे कोर सतत धरू शकतील अशा वेगाचा. कोर म्हणजे चिपमधला काम करणारा मेंदू. सातव्या पिढीच्या त्या चिपमध्ये दोन कोर. ऑगस्ट 2017 मध्ये इंटेलने आठवी पिढी आणली, तेव्हा तेवढ्याच 15 वॅटमध्ये चार कोर बसवले. म्हणून मूळ वेग खाली आला. कमाल मात्र 3.1 वरून 3.4 झाली, कॅश, म्हणजे चिपच्या आतली झटपट मेमरी, 3 एमबीची 6 एमबी. चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त काम, असं इंटेल तेव्हा सांगत होती. (पुढे 2021 मध्ये विंडोज 11 आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनेही रेघ साधारण इथेच ओढली. आठवीपासून पुढच्यांना प्रवेश, सातवीतले मोजके सोडून बाकी नापास.)

एवढं लेक्चर झाडून मी दोन्हींवर सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरची ताकद गुणांत मोजणारं सॉफ्टवेअर, लावलं. मिनिट-दीड मिनिटाची परीक्षा. जुन्याला 325 च्या आसपास, नव्याला 470. "पाहा, कोण मागे आहे?" तो काही बोलला नाही. पाणी प्यायला, दुपट्टा गुंडाळला आणि गेला.

खरं सांगायचं तर तो 470 मला खटकला होता. या चिपला साडेपाचशेच्या आसपास मिळायला हवेत, हे मला माहीत होतं. पण उन्हातून आणलेला लॅपटॉप, तापलेला असेल म्हणून मी सोडून दिलं. समोरचा चुकतोय हे ठरवून बसलं की असले आकडे डोळ्यांसमोरून सरळ निघून जातात.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. या वेळी हातात वही. हळदीचा एकच प्रोजेक्ट त्याने दोन्हींवर एक्स्पोर्ट करून वेळा लिहिल्या होत्या. जुना 31 मिनिटं, नवा 37. तीनदा केलं होतं. एक-दोन मिनिटं इकडेतिकडे, पण दर वेळी नवाच मागे. लेक्चर देणाऱ्यासमोर वही उघडून ठेवणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच येतं.

मग त्याचाच प्रोजेक्ट लावला, शेजारी चिपचा वेग आणि तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडलं आणि दोघं खुर्च्या ओढून बसलो. सुरुवातीचा अर्धा मिनिट नवा लॅपटॉप जोरात सुटला. मग तापमान 97, 98. वेग 2.4 वर आला. इथवर ठीक होतं. चारही कोर कामाला लागले की 15 वॅटमध्ये साधारण एवढंच निभतं. पण तो तिथे थांबेना. 2.0, 1.7, आणि पाचव्या मिनिटाला 1.3. तापमानाच्या ओळीपुढे लाल अक्षरांत 'येस' आलं होतं, म्हणजे चिप भाजू नये म्हणून स्वतःलाच आवरत होती. शेजारी जुना बुवा दोन्ही कोर 3.1 वर धरून निवांत चालला होता. हिशेब सरळ होता. दोन कोर गुणिले 3.1 म्हणजे 6.2, चार गुणिले 1.3 म्हणजे 5.2. त्याची वही खरी होती आणि माझं सिनेबेंच दीड मिनिटात संपलं होतं.

पंखा मात्र फिरत होता, आवाजही भरपूर. जाळीपाशी तळहात धरला तर हवा जवळजवळ नाहीच.

वॉरंटी होती, पण सीझनात आठ दिवस लॅपटॉप सोडून राहायची त्याची तयारी नव्हती. त्याला विचारून उघडला. मागचे स्क्रू काढले, दोन रबरी पट्टीखाली दडलेले होते. आधी बॅटरीची पिन सुटी केली, मग पंखा उचलला. पंखा आणि तांब्याच्या पातळ पात्यांच्या मधोमध नमद्यासारखा एक तुकडा बसलेला होता. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, राखाडी, ओलसर वासाचा. चिमट्याने ओढला तर सलग निघाला. धुळीत गुंतलेले पिवळट, कुरळे तंतू होते. दोन महिन्यांच्या लॅपटॉपमध्ये एवढा कचरा मी तोवर पाहिला नव्हता. पण ते तंतू ओळखीचे होते. नागपुरात कोण ओळखणार नाही? होळी झाली की घरोघरी बदलतात त्या कूलरच्या ताट्यांचा वुडवूल, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू.

"लॅपटॉप कुठं ठेवतोस?"

"कूलरच्या समोर ना भाऊ. नवीन आहे, तापू नाही म्हणून. जुना आपला कोपऱ्यात पडला राहते."

मी तो तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. नव्या ताट्या सुरुवातीला भुसभुशीत असतात, तंतू सोडतात. त्यात कूलरची दमट हवा, तिच्यात धूळ पटकन धरते. लॅपटॉपचा पंखा हे सगळं इमानदारीत आत ओढत राहिला होता. जुनाही उघडून पाहिला. दीड वर्षाची धूळ होती, पण कोरडी, फुंकरीने उडणारी.

पाती ब्रशने साफ केली, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवी लावली, तोच प्रोजेक्ट पुन्हा लावला. वेग 2.4 वर बसला तो हलला नाही. वीस मिनिटांत एक्स्पोर्ट झालं. सातवीतला अकरा मिनिटं मागे.

त्याने वहीत 37 खोडून 20 लिहिले, खाली दोन रेघा मारल्या. तीनशे रुपये काउंटरवर ठेवले आणि दुपट्टा बांधता बांधता विचारलं, "कालच्या लेक्चरचे यातच धरले ना भाऊ?"