उजव्या बाजूचं पाणी आणि अभंगाची ओळ

सोयाबीनची मळणी चालू असताना खोकला लागला. मळणी यंत्रापुढं उभं राहिलं की धूळ नाकातोंडात जातेच, म्हणून घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. उजव्या खांद्यातही कळ यायची. पोती उचलून खांदा भरला असेल म्हणून तेल चोळून घेतलं. मग काकडा सुरू झाला. आमचं गाव गंगाखेडच्या बाजूचं, जनाबाईच्या मुलखातलं. कार्तिकात पहाटे सगळं गाव देवळात असतं आणि आमच्या भजनी मंडळात चाल मी म्हणतो. एका दमात जाणारी ओळ मध्येच तुटायला लागली तेव्हा काहीतरी बिनसलंय हे कळलं. संध्याकाळी कणकण, जेवणावरची वासना गेलेली, आडवं पडलं की दम लागायचा. जवळच्या एका दवाखान्यात खोकल्याच्या बाटल्या घेऊन झाल्या, फरक पडेना. शेवटी मोठा मुलगा परभणीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टरांनी यंत्र लावायच्या आधी पाठीवर बोटं वाजवली. डाव्या हाताचं मधलं बोट बरगड्यांमधल्या जागेवर दाबून धरायचं आणि त्यावर उजव्या हाताच्या बोटानं टकटक करायचं. वरपासून खाली येता येता डावीकडं पखवाजासारखा घुमणारा आवाज होता, उजवीकडं अर्ध्यावर आला आणि एकदम बद्द झाला. माझा कान आयुष्यभर तालावर बसलेला, मलाही तो फरक ऐकू आला. "मामा, एक-दोन-तीन म्हणा," असं म्हणत त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. खाली माझा आवाजच पोचत नव्हता. ही बोटं वाजवून बघायची रीत १७६१ मध्ये लिओपोल्ड आऊएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरानं पुस्तक लिहून मांडली. त्याच्या बापाची खाणावळ होती आणि पिंप ठोकून त्यात माल किती हे तिथं ओळखत. त्यानं मृतदेहांच्या छातीत पाणी भरून, आवाज कुठं बदलतो हेही तपासलं होतं. एक्स-रे आणि सोनोग्राफी नंतर झाली, पण निदान निम्मं त्या बोटांनीच केलं होतं: उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी.

फुफ्फुसात पाणी झालं असं आपण म्हणतो, पण माझं पाणी फुफ्फुसात नव्हतं, बाहेर होतं. प्रत्येक फुफ्फुसावर दोन पातळ पडदे असतात. एक फुफ्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांना आतून. दोघांच्या मध्ये चमचा-दोन चमचे ओलावा. फुफ्फुसाचा स्वभाव आकसण्याचा आणि बरगड्यांच्या पिंजऱ्याचा स्वभाव बाहेर फाकण्याचा. या ओढाताणीमुळं दोन पडद्यांच्या मधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो आणि फुफ्फुस छातीला धरून फुगलेलं राहतं. त्या फटीत पाणी साचलं की फुफ्फुस आत दबतं आणि खाली श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटाच्या आकाराचा स्नायू, पाण्याच्या वजनानं सपाट होतो. मला दम लागत होता तो मुख्यतः या स्नायूला काम करायला जागा उरली नव्हती म्हणून.

खांद्याच्या कळीचाही उलगडा झाला. श्वासपटलाची नस मानेतून निघते, मणक्याच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून. खांद्याच्या कातडीची जाणीव नेणाऱ्या नसाही तिथल्याच. म्हणून श्वासपटलाजवळच्या पडद्याला सूज आली की दुखतं खांद्यात. मी तेल चोळत होतो ते भलतीकडंच.

पाणी काढायचं म्हटल्यावर घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला खाटेच्या कडेवर बसवलं, पुढं टेबल, त्यावर उशी, उशीवर हात आणि डोकं. असं वाकलं की पाठीकडं बरगड्यांमधली जागा उघडते. आधी बारीक सुईनं जागा बधिर केली. फुफ्फुसाला स्वतःला दुखण्याची जाणीव नसते, पण बरगड्यांकडच्या पडद्याला भरपूर असते, म्हणून औषध तिथपर्यंत पोचवावं लागतं. डॉक्टर शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला सांगत होते ते मी कान देऊन ऐकलं: सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालायची, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला खोबण असते आणि त्यातून शीर, धमनी आणि नस जाते. एवढ्याशा जागेत देहाची कशी मांडणी आहे, आणि माणसानं ती किती बारकाईनं ओळखून ठेवली आहे! भीती होती, पण ते ऐकून ती बरीच उतरली.

नळीतून पिवळसर, नितळ पाणी बाटलीत पडायला लागलं. बाटली बरीच भरली तेव्हा मला खोकल्याची उबळ आली. दबलेलं फुफ्फुस परत उघडायला लागलं की अशी उबळ येते. डॉक्टरांनी तिथंच थांबवलं. एका बैठकीत साधारण दीड लिटरच्या वर काढत नाहीत, फुफ्फुस फार झपाट्यानं फुगलं तर त्याच्या आतच सूज येऊ शकते. त्या रात्री मी आडवा झोपलो.

पाण्याच्या तपासणीत टीबी निघाला. थुंकीत जंतू नव्हते. पडद्याच्या टीबीत जंतू थोडे असतात, पाणी साचतं ते शरीर त्यांच्याशी झगडतं म्हणून. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, सगळे ठीक. नाव सरकारी नोंदणीत गेलं, गोळ्या फुकट मिळाल्या, पोषण आहाराचे महिन्याला १००० रुपये खात्यावर यायला लागले. उपचार ६ महिन्यांचा: पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे. लघवी केशरी होते, घाबरायचं नाही. आशाताई दर आठवड्याला डोकावून जायची, तिचे उपकार मी विसरणार नाही.

पण गोळ्या जंतू मारतात, छाती उघडत नाहीत. हे मला फिजिओथेरपीच्या मुलीनं शिकवलं, आणि लिहायला बसलो ते खरं यासाठीच. फुफ्फुसात हवा ओढणारा स्नायूच नाही. हवा ओढतात श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू. श्वासपटल साध्या श्वासाला एक-दोन सेंटिमीटर खाली जातं, दीर्घ श्वासाला दहापर्यंत. दुखतंय म्हणून माणूस उजवी बाजू आखडून धरतो, आणि तशातच पडदे जाड होऊन एकमेकांना चिकटले तर ती बाजू उघडत नाही.

तिनं माझं उपरणं खालच्या बरगड्यांभोवती गुंडाळायला लावलं. टोकं दोन्ही हातांत. "काका, श्वास घेताना उपरणं बाहेर ढकला, सोडताना हळूच आवळा." पहिल्यांदा डावीकडं कापड ताणलं, उजवीकडं जागचं हललं नाही. ते हातालाच कळत होतं. मग डाव्या कुशीवर झोपून उजवा हात डोक्यावर घ्यायचा, त्यानं उजव्या बरगड्या फाकतात. शिवाय तीन रंगीत चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र, सेकंदाला ६००, ९०० आणि १२०० मिलिलिटर ओढीचं. बरेच जण त्यात फुंकतात. ते ओढायचं असतं, सावकाश, आणि चेंडू वर धरून ठेवायचा.

गाणाऱ्यांना एक सांगतो. बसल्या जागी श्वास सोडायला स्नायू लागत नाहीत, ताणलेलं फुफ्फुस आपोआप आकसतं. पण भरल्या छातीनं ओळ उचलली की तीच आकसण्याची ओढ हवा भसकन बाहेर लोटते. तेव्हा श्वास घेणारे स्नायूच सैल न पडता लगाम धरतात, आणि ओळ संपत आली की पोटाचे स्नायू हवा वर ढकलतात. माझा लगामच ढिला झाला होता. दम वाढवायचा म्हणून आम्ही जोरजोरानं श्वास भरतो, सराव करायचा असतो तो सोडण्याचा. मी उपरणं बांधून एकेक स्वर धरायला लागलो, मग अर्धी ओळ, मग पूर्ण.

गोळ्या संपल्यावरच्या एक्स-रेत फुफ्फुस उघडलेलं दिसलं. खालचा उजवा कोपरा मात्र थोडा बोथट राहिला, पडदा तिथं जाड झालाय. डॉक्टर म्हणाले, यानं काही बिघडत नाही, व्यायाम सोडू नका. कापड आता उजवीकडंही ताणलं जातं, डावीपेक्षा बोटभर कमी.