खतावणी ते अ‍ॅरे : पीएचपी शिकतानाचा माझा अनुभव

बँकेतून निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीचे खजिनदारपद माझ्याकडे आले आणि ए व बी या दोन विंगांतील ४८ सदनिकांच्या मेंटेनन्सचा हिशेब एका लहानशा वेबपानावर आणावा, या हेतूने मी भाचीच्या मदतीने पीएचपी ही वेबपाने बनवण्याची प्रोग्रॅमिंग भाषा शिकू लागलो. व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवायची नाव दिलेली जागा, समजायला फार वेळ लागला नाही. नावाआधी डॉलरचे चिन्ह लावायचे आणि प्रकार जाहीर न करता थेट किंमत भरायची, की काम झाले. एकदा मात्र ‘बाकी’ या नावाचे पहिले अक्षर मी एका ओळीत कॅपिटल लिहिले. व्हेरिएबलच्या नावात पीएचपी लहान-मोठी अक्षरे वेगळी धरत असल्याने बेरीज भलत्याच जागी साठत गेली आणि पडद्यावर शून्य दिसत राहिले.

खरी कसोटी अ‍ॅरेने पाहिली. अनेक किमती एकाच नावाखाली ठेवणारी ही रचना. साधी यादी आणि की-व्हॅल्यूच्या (ओळखखूण आणि तिच्यापुढची किंमत) जोड्या ही दोन्ही कामे पीएचपीत एकच अ‍ॅरे करतो. सदनिका क्रमांक ही की आणि भरलेली रक्कम ही व्हॅल्यू, म्हणजे खतावणीतले खातेपानच! दोन्ही विंगांचे अ‍ॅरे मी ‘अ‍ॅरे मर्ज’ने जोडले आणि १०१ ची रक्कम मागितली, तर ‘अनडिफाइन्ड अ‍ॅरे की’ अशी वॉर्निंग आली. छापून पाहिले, तेव्हा रकमा सगळ्या होत्या, पण १०१, १०२ यांच्या जागी ०, १ असे नवे क्रमांक पडले होते, कारण हे फंक्शन पूर्णांक की शून्यापासून नव्याने लावते. मग मी अधिक चिन्हाने अ‍ॅरे जोडले. क्रमांक टिकले, परंतु नोंदी २४ च उरल्या. दोन्ही विंगांत १०१ ते ६०४ हेच क्रमांक असल्याने, आणि की सारखी असल्यास अधिक चिन्ह डावीकडची नोंद ठेवून उजवीकडची सोडून देत असल्याने, अख्खी बी विंग हिशेबातून नाहीशी झाली होती, तीही कोणतीही वॉर्निंग न येता. मला हा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक धोकादायक वाटला.

“मामा, बँकेत दोन खात्यांना एकच नंबर दिला असता का तुम्ही?” भाचीने विचारले.

मी कींना ‘ए-१०१’, ‘बी-१०१’ असे रूप दिले. अशा अक्षरी की ‘अ‍ॅरे मर्ज’ जशाच्या तशा ठेवते. नुसता १०१ अवतरणात लिहून भागले नसते, कारण तशी की पीएचपी पुन्हा पूर्णांकातच बदलते. आता नोंदी मोजणाऱ्या ‘काउंट’ने ४८ दाखवले. बी-३०२ पुढे तरीही थकबाकी दिसत होती. तासभर कोड तपासला. ती खरीच होती.