तळहाताएवढा हिरवा

परवा रविवारी दुपारी जेवण झाल्यावर जीपच्या डॅशबोर्डचा पत्रा घासत बसलो होतो. वरचा पांढरा गेला, त्याखाली निळा, निळ्याखाली कुणीतरी हौसेनं मारलेला श्रीखंडी, मग लांबीचा थर, आणि सगळ्याच्या तळाशी एकदम हिरवा. तोच तो मातकट, सुकलेल्या शेवाळासारखा, मिलिटरीचा. तळहाताएवढाच तुकडा. मी पॉलिश पेपर खाली ठेवला आणि आत चहाची ऑर्डर दिली. चहा आला नाही, ते सोडा.

गाडी नेमकी कुठली असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. ग्रिल नऊ फटींची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली, नंतरच्या सिव्हिलियन जीपला सातच. तेव्हा ही जीप विलीज आणि फोर्ड अशा दोन कंपन्या बनवायच्या. चासीचा पुढचा आडवा मेंबर गोल पाइपचा असला तर विलीज, चौकोनी असला तर फोर्ड, माझा चौकोनी. म्हणून फोर्ड जीपीडब्ल्यू म्हणायची. पण इंजिन विलीजचं आणि मागचा अर्धा टब, म्हणजे बॉडीचा पत्रा, कुठल्यातरी महिंद्राचा कापून जोडलेला. किंगपिनचे, म्हणजे पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिचे, बुश तर आपल्या उद्यमनगरातल्या टर्नरनं केलेत, म्हणजे तेवढी कोल्हापुरी. फोर्डवाल्यांना आपल्या पार्टवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी एफ ठोकायची सवय होती. त्यामुळे मी गंजलेला प्रत्येक बोल्ट रॉकेलमध्ये भिजत टाकतो आणि दुसऱ्या दिवशी चष्मा लावून एफ शोधतो. आजवर सतरा सापडलेत. औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवलेत, बायको त्या डबीला दुधाचे दात म्हणते.

तसं खिचडी झाली म्हणून वाईट वाटायचं कारण नाही, कारण फोर्डनं ही गाडी विलीजच्याच ड्रॉइंगवरनं बनवली होती, याचा पार्ट त्याला बसावा म्हणूनच.

आमच्या मामांच्या गावात डिस्पोजलची एक जीप होती. युद्ध संपल्यावर सैन्यानं विकून टाकलेल्या गाड्या, त्यातली. मूळची पाव टनाची गाडी, पण लग्नसराईत तिच्यात चौदा-पंधरा माणसं, वर रुखवताच्या पाट्या, आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. ड्रायव्हरला सगळे आप्पा म्हणायचे. पेट्रोलची टाकी त्याच्याच सीटखाली, त्यामुळे पेट्रोल भरायचं तर आप्पाला उठावं लागायचं, आणि हा माणूस त्याच टाकीवर बसून दिवसभर विडी ओढायचा. एकदा जोतिबाहून येताना रात्री गाडी बंद पडली, गाडीत एकाकडंही बॅटरी नव्हती, आम्ही पोरं रडायच्या बेतात. आप्पानं बॉनेट उघडलं, हेडलाइटचा एक नट सैल केला आणि तो अख्खा दिवा उलटा फिरवून इंजिनावर धरला. गाडी स्वतःच्याच पोटात डोकावतीय असं काहीतरी दिसलं ते. मग त्यानं काडेपेटीच्या कडेनं ठिणगीचे पॉइंट घासले, पुढनं इंजिन फिरवायचं हँडल घातलं, आणि मला म्हणाला, बघून ठेव, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, उलटा झटका बसला तर मनगट जातंय. दुसऱ्या झटक्याला गाडी चालू. आमची इकडची हेडलाइटं तशी फिरत नाहीत, मधल्या कुणीतरी पक्की वेल्ड करून टाकलीत. त्या माणसाला मी रोज शिव्या घालतो.

तर रंग. 'केंद्रीय मोटार वाहन नियम', त्यातला 121 नंबर: संरक्षण खात्याची सोडून कुठलीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवायची नाही. बरोबर आहे, उद्या कुणीही हिरवी जीप घेऊन कॅन्टोन्मेंटात शिरेल. पण 2021 साली 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी आली, नंबर प्लेटवर व्हीए अशी अक्षरं, आणि त्यात अट काय, तर गाडी मूळ रूपात पाहिजे. माझ्या गाडीचं मूळ रूप तर त्या 121मध्ये अडकलंय! ओळखीतला एजंट म्हणाला, साहेब वाळूचा रंग मारा, वाळवंटातली वाटेल. मी म्हटलं, ही वाळवंटात होती कशावरून? तो म्हणाला, नव्हती कशावरून?

यावर मला उत्तर सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर हिरवा तरी पहिला कशावरून, कदाचित डिस्पोजलच्या आधी कुठल्या वर्कशॉपात दोनदा मारला असेल. पांढरा तर नक्की निवडणुकीचा आहे, त्याच्यावर पुसट अक्षरं होती, 'विजयी करा' एवढंच लागत होतं, कुणाला ते मीच घासून टाकलं. तेव्हा फोटो काढायचंसुद्धा सुचलं नाही. आता त्याची चुटपुट लागलीय, हिरव्याची नाही.

तो तळहाताएवढा तुकडा मी तसाच सोडलाय, त्याच्या चारी बाजूंनी टेप लावून. बाकी गाडी दोन वर्षं रेड ऑक्साइडमध्येच उभी आहे. रंगारी महिन्यातनं एकदा फोन करून विचारतो, काय ठरलं? पाऊस तोंडावर आलाय, नुसत्या प्रायमरवर पाणी बसलं की आठ दिवसांत गंज वर येतो. ताडपत्री तरी आणायला पाहिजे.