पार्किंग टेप लावून पाहावे

घर पाहायला गेल्यावर आपण ओट्याची उंची, खिडक्यांची दिशा आणि नळाच्या पाण्याचा जोर बारकाईने तपासतो. पार्किंगच्या बाबतीत मात्र ‘आहे ना?’ एवढे विचारून समाधान मानतो. मीही तेच केले होते. नकाशावर क्रमांक घातलेला एक चौकोन मला दाखवण्यात आला, मी मान डोलावली, आणि राहायला आल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळले की त्या चौकोनाच्या एका अंगाला भिंत आहे आणि दुसऱ्या अंगाला, मागच्या दाराच्या रेषेत, खांब. गाडी आत गेली, पण माझ्या बाजूचे दार भिंतीमुळे वीतभरही उघडेना, तेव्हा गिअरवरून पाय टाकत शेजारच्या आसनावरून मला उतरावे लागले. त्या खांबावर कंबरेच्या उंचीला लाल, पांढरे, करडे ओरखडे आधीपासूनच होते. घर घेण्यापूर्वी तेवढे पाहिले असते तरी पुरे होते.

हिशोब अगदी सोपा आहे. मोटारीसाठी साधारण 2.5 मीटर रुंद आणि 5 मीटर लांब जागा धरली जाते. मध्यम आकाराची गाडी आरसे सोडून सुमारे 1.75 मीटर रुंद असते, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून 75 सेंटीमीटर उरतात, आणि दार उघडून नीट उतरायला एका बाजूलाच साठेक सेंटीमीटर लागतात. शेजारी दुसरी गाडी असेल तर दोघांच्या मधली मोकळी जागा दोघांनाही वापरता येते. भिंत मात्र काहीच देत नाही. शिवाय काटकोनात गाडी लावायची असेल तर समोरचा रस्ता सहा मीटरच्या आसपास रुंद हवा, नाहीतर रोज दोन-तीनदा मागेपुढे करणे आले.

यांत्रिक पार्किंग, म्हणजे गाडी पाळण्यात ठेवून यंत्राने वर-खाली नेण्याची सोय, असेल तर गाडीची उंची आधी मोजावी, कारण पुष्कळशा पाळण्यांत सेडान सहज मावते आणि उंच एसयूव्ही अडते. एकामागे एक लावायची जागा दोन वेगळ्या घरांत वाटलेली असेल, तर तिच्या वाटेला न जाणेच बरे. सकाळी सहाला शेजाऱ्याचे दार ठोठावण्याइतका स्नेह फार दिवस टिकत नाही. विजेवर चालणारी गाडी घेण्याचा विचार असेल, तर त्या जागेपर्यंत स्वतंत्र वीजजोडणी नेता येईल का, हे आधीच विचारावे. करारात जागेचा क्रमांक आणि मापे लिहून घ्यावीत, हे वेगळे सांगायला नको. आणि जागा दुपारी पाहू नये. रात्री नऊनंतर, सगळ्या गाड्या परतलेल्या असताना, स्वतःची गाडी तिथे लावून पाहावी.

सध्या आम्ही पुन्हा घर शोधत आहोत. फ्लॅटची किल्ली मागाहून आणली तरी चालेल, आधी पार्किंगचे फाटक उघडून ठेवा, असे मी एजंटला सांगून ठेवले आहे.